एक्स्टेंडेड कॅबच्या पिकअपमध्ये मागे दोन बकेट सीट बसवता येतील का?

तुम्ही विचारलंय की साताऱ्यात एक्स्टेंडेड कॅबची, म्हणजे पुढच्या सीटमागे थोडी मोकळी जागा असलेली, जुनी पिकअप घेतली आहे, त्या जागेत आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांसाठी दोन बकेट सीट (एकेका माणसाच्या सुट्या सीट) टाकायच्या आहेत, फॅब्रिकेशनवाला 'अँगल वेल्ड करून एका दिवसात देतो' म्हणतोय, तर जागा पुरेल का आणि खर्च किती येईल.

जागा आणि खर्च नंतर बघू. आधी त्या माणसाला फोन करून काम थांबवा. वेल्ड करू नका.

आमची द्राक्षबाग तासगावच्या पुढे आहे. २०१६ साली मी कोल्हापुरातून अशीच एक सेकंडहँड पिकअप आणली. हौदा मोठा, आणि कॅबमध्ये मागे सामान ठेवण्याइतकी मोकळी जागा. वडिलांचे गुडघे गेलेले, म्हणून पुढची सीट त्यांची. आई मागे गोणपाटाची घडी करून त्यावर बसायची. तिच्या कंबरेला दर महिन्याला सांगलीत दाखवावं लागायचं, आणि दवाखान्यात जाताना जास्त दुखायची ती कंबरच. मला ते बघवत नव्हतं. भंगारातून एका कारच्या दोन चांगल्या सीट मिळाल्या, स्लायडरसकट.

बसवायच्या कशा, यावरून माझं आणि दाजींचं वाजलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांनी वीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवल्या. त्यांच्या हातच्या ट्रॉल्या आजही कारखान्याला ऊस ओढतात, हे मी अभिमानानं सांगतो. मी म्हणालो, खालून जाड पट्टी लावून बोल्ट करू. ते म्हणाले, "बोल्ट ढिला होतोय, वेल्डिंग कधी सुटत नसतंय. मला शिकवू नगंस." वडील म्हणाले दाजींचं ऐक. मी ऐकलं. दिवाळीच्या आधी दाजींनी सीटचे चारी पाय अँगलला आणि अँगल कॅबच्या पत्र्याला वेल्ड केला. कमरेचा बेल्ट सीटच्याच फ्रेमला बांधला. आई बसली, हसली, म्हणाली आता पंढरपूरला नेलंस तरी चालंल.

जानेवारी २०१९. उसाचा सीझन, संध्याकाळची वेळ, कवलापूरच्या अलीकडे. पुढच्या ट्रॉलीला मागे ना दिवा ना लाल कापड, आणि ती एकदम वळली. मी ब्रेक दाबला, तरी तिशीच्या वेगानं आम्ही तिच्यावर गेलो. मला आणि वडिलांना बेल्टनं धरलं. आईला तिच्या बेल्टनं सीटला धरलं, पण सीट मात्र जागा सोडून उठली आणि आईला घेऊन वडिलांच्या पाठीवर आली. आईचं गळपट्टीचं हाड मोडलं, मनगट मोडलं. मिरजेत अकरा दिवस काढले.

आता नेमकं काय झालं ते सांगतो, कारण दाजी आजही प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तेच वाक्य म्हणतात: "माझा टाका सुटला नाही, पत्रा फाटला." खरं आहे. मी स्वतः खाली वाकून बघितलंय. वेल्ड जसाच्या तसा होता, आणि त्याच्याभोवतीचा पत्रा कागदासारखा फाटून अँगलबरोबर वर आला होता. माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून तेच आहे. ट्रॉलीचा चॅनल पाच-सहा मिलिमीटरचा असतो, त्यावर टाका बसतो आणि जन्मभर टिकतो. कॅबचा फ्लोअर मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यावर आर्क लावली की कडेचा पत्रा जळून पातळ होतो, खालच्या बाजूचा रंग उडतो, आणि तो भाग कुणाला दिसत नाही. दोन पावसाळ्यांत तिथं गंज धरतो. आमच्या पत्र्याला खालून लाल पापुद्रे सुटले होते.

आणि जोर किती येतो हेही एकदा समजून घ्या. तिशीचा वेग अर्ध्या मीटरात थांबला की अंगावर वजनाच्या सात पट जोर येतो. आई ५५ किलो, सीट १५ किलो, म्हणजे ७० किलोचे जवळजवळ ५०० किलो झाले. पन्नासच्या वेगाला तेच वीस पट होतं, म्हणजे १४०० किलो. वेग दुप्पटही झाला नाही, पण जोर पावणेतीन पट झाला. शिवाय हा जोर लागतो कमरेच्या उंचीवर, त्यामुळे सीटचे पुढचे पाय खाली दबतात आणि मागचे दोन उचकटतात. आमच्या सीटचे मागचेच आधी निघाले होते.

यावर उपाय जुनाच आहे. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयएचा, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा, नियम बघा: सीटचा आधार किमान चार ठिकाणी, बोल्ट किमान ८ मिलिमीटरचा, आणि प्रत्येक ठिकाणी पत्र्याखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, ४० चौरस सेंटीमीटरची लोखंडी पट्टी. म्हणजे साडेसहा सेंटीमीटर बाजूचा चौकोन. नुसता वॉशर चालत नाही, तो पत्र्यातून आरपार येतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असलं पाहिजे, ती त्याच्या ताकदीची खूण. काहीच कोरलेलं नसेल तर तो बोल्ट गेटला लावा. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली झोपून बघा, ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग कुठून जाते ते. भोकाच्या कडेला प्रायमर लावा.

बेल्ट सीटला बांधायचा नाही, कॅबला बांधायचा, तोही खांद्यावरून येणारा तीन टोकांचा. मागच्या भिंतीवर आणि फ्लोअरवर रबरी बुचं असतील तर काढून बघा. काही कॅबना कंपनीनंच आतून नट दिलेले असतात. बेल्टचा बोल्ट बहुतेक सात सोळांश इंची, इंचाला वीस आट्यांचा असतो. १२ मिलिमीटरचा बोल्ट त्यात बसत नाही. कुणी 'बसतोय की' म्हणून पाना मारायला लागला तर हात धरा.

सीट भंगारातून आणणार असाल तर खाली पिवळा प्लग आहे का ते बघा. तो एअरबॅगचा किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो. तसली सीट घेऊ नका, आणि मीटर लावून तर मुळीच तपासू नका. आडव्या तोंडाच्या घडीच्या सीटही नकोत. धडक समोरून होते आणि त्यात माणूस कुशीवर फेकला जातो.

आता तुमची जागा. पुढची सीट ड्रायव्हरला लागते तिथं ठेवा आणि तिच्या पाठीपासून मागच्या भिंतीपर्यंत टेप धरा. कारच्या सीटची बैठकच जवळपास ५० सेंटीमीटर असते, वर पाठीची जाडी. माझ्याकडे आईचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे. मुलांचं आज भागेल, तीन वर्षांनी भागणार नाही. भिंत जवळ असल्यानं पाठ मागे झुकवता येत नाही, उभीच राहते. डोक्यामागे लगेच काच असते, म्हणून उंच हेडरेस्ट असल्याशिवाय सीट घेऊच नका. खर्च म्हणाल तर मला दोन सीट आणि काम मिळून सात हजार लागले होते, आणि मिरजेचं बिल त्याच्या कितीतरी पट झालं.

आरसीची गोष्ट खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती. आरसीवर आसनक्षमता किती लिहिली आहे ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आईच्या उपचाराचा रुपयासुद्धा विम्यातून मिळाला नाही, कारण मालवाहू गाडी आणि कागदावर दोनच माणसं. मी नंतर पट्टी-बोल्ट लावून, माझ्या मनासारख्या सीट बसवल्या, तर पासिंगला त्या उतरवायला लावल्या. म्हणून परवानगीचं आरटीओत आधी विचारा, ड्रिल नंतर.

परवानगी मिळाली नाही आणि मुलं रोज मागे बसणार असतील, तर ही पिकअप विका आणि डबल कॅब घ्या, म्हणजे कंपनीनंच मागे सीट दिलेली. मी बोलेरो कॅम्पर घेतली. आई आता मागे बेल्ट लावून बसते.

हे उत्तर बहीण दाजींना वाचून दाखवेल हे मला माहीत आहे. दाजी, तुमचा टाका सुटला नाही, हे मी कधीच नाकारलं नाही. पण पत्र्याची जाडी तुम्ही बघितली नाहीत आणि मी बघितली असून गप्प बसलो. पुढच्या लग्नात हे वाक्य पूर्ण म्हणा.

आणि तुमच्या धाकट्याची उंची आजच मोजा. १३५ सेंटीमीटर होईपर्यंत त्याला बेल्टबरोबर बूस्टर सीट लागणार, नाहीतर खांद्याचा पट्टा गळ्यावर येतो. बूस्टरची उंची धरूनच छताचं माप घ्या.