वाचकांचे प्रश्न : आधार देणारा हात

प्रश्न : मिरजेतील एका रुग्णालयात मी फिजिओथेरपी सहायक आहे. या कामात आयुष्य घालवण्याजोगे काही आहे का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नक्कीच आहे. पक्षाघातातून सावरणाऱ्या आजोबांना खाटेवरून उठवताना त्यांच्या दुबळ्या बाजूला उभे राहून कमरेचा पट्टा धरणारा हात तुमचा असतो. त्यांना लागलेली धाप, गुडघ्याला सुटलेला कंप सर्वांत आधी तुम्हालाच जाणवतो, आणि तो थेरपिस्टना वेळेवर सांगणे हे मोठेच कौशल्य आहे, असे मी मानतो. तपासणी व उपचारांची आखणी मात्र त्यांचीच. ती मर्यादा कधीही ओलांडू नका. अमेरिकेत या पदासाठी २ वर्षांचे शिक्षण आणि परवाना लागतो. तुम्हाला पुढे शिकायचे असेल, तर कराडला फिजिओथेरपीची पदवी घेता येते.