घरच्या टॉवरवर तीन मेश नोड: आपसात कसे जोडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत घराच्या आवारात टॉवर आहे, त्यावर एआरईडीएनचे (हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, आपत्तीसाठी उभारतात त्या डेटा नेटवर्कचे) तीन नोड चढवायचे आहेत. नोड म्हणजे रेडिओवाला राउटर, आणि असे नोड एकमेकांना जोडून बनतं ते मेश. ते आपसात हवेतूनच बोलू द्यावेत की वायरने जोडावेत? आणि वायरने जोडायचे तर घरात पडलेला साधा स्विच (नेटवर्कच्या अनेक केबल एकत्र जोडणारा डबा) चालेल का?

वायरने जोडा. साधा स्विच लावू नका. हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण अशाच एका स्विचपायी २०२० च्या ऑगस्टमध्ये एक माणूस रात्रभर ताटकळला होता आणि टॉवर माझा होता.

मी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरात, समिट रोडच्या बाजूला राहतो. घर धारेवर आहे. उत्तरेला सॅन होजेचं खोरं, पश्चिमेला सॅन लॉरेंझोचं. मधे डोंगर असल्यामुळे या दोन खोऱ्यांतले हॅम एकमेकांना थेट दिसत नाहीत, माझ्या टॉवरला मात्र दोघेही दिसतात. म्हणून ४० फुटी टॉवरवर दोन रॉकेट एम-५ (५ गिगाहर्ट्झचे रेडिओ) नोड म्हणून चढवले, दोन्हींना डिश, एक सॅन होजेकडे तोंड करून आणि एक पश्चिमेकडे. तिसरा नोड आसपासच्या घरांसाठी, २.४ गिगाहर्ट्झवर.

हे सगळं उभं करायला माझा मेहुणा फ्रीमाँटहून आला होता. तो पोटापाण्यासाठी नेटवर्किंगच करतो, मोठमोठ्या डेटा सेंटरचं. माझ्याकडे हॅमचा परवाना, त्याच्याकडे नाही, पण त्या दिवशी टॉवरखाली उभं राहून सगळे निर्णय त्याने घेतले. दोन्ही रॉकेट एकाच चॅनलवर ठेवायला लावले. मी म्हटलं, अरे, दोघांत जेमतेम दीड मीटर अंतर आहे, एक बोलायला लागला की दुसऱ्याचे कान बधिर होतील. तो म्हणाला, "दाजी, मेश आहे ना, ते आपोआप जमवून घेतं." स्विचही त्याच्याच गॅरेजमधला, आठ पोर्टचा, बराच जुना. नोडचं पान उघडलं तर तिघेही एकमेकांना वायरवरून शंभर टक्के दिसत होते. पिंग (दुसऱ्या टोकाकडून उत्तर येतं का ते बघायचा छोटा निरोप) जात होतं. तो जेवून परत गेला.

चॅनलचा प्रकार महिनाभरातच निस्तरावा लागला. एका रॉकेटला मी ५.८ गिगाहर्ट्झमध्येच तीस मेगाहर्ट्झ दूर नेलं, दोन्हींचा पट्टा दहा मेगाहर्ट्झचा ठेवला आणि डिश टॉवरच्या दोन बाजूंना, वरखाली करून बसवल्या. दोन्ही लिंक लगेच सुधारल्या. एका टॉवरवर एकाच चॅनलवर दोन रेडिओ ठेवणं शुद्ध मूर्खपणा आहे, मग सांगणाऱ्याकडे कितीही सर्टिफिकेटं असोत. पुढे-मागे २.४ वर दुसरा नोड चढवाल, तर उणे दोन हा चॅनल बघा. तो २३९७ मेगाहर्ट्झवर येतो, घराघरांतल्या वायफायच्या गोंगाटाच्या खाली.

स्विचकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही. दर आठवड्याच्या सरावात आम्ही मेशवरचे फोन आणि चॅट एवढंच वापरायचो, आणि ते उत्तम चालायचं.

१६ ऑगस्टच्या पहाटे कोरड्या विजा कोसळल्या आणि आमच्या पश्चिमेला जंगल पेटलं. ती आग पुढे ८६,००० एकरांवर पसरली. आमच्या भागात धुराने दिवसाही दिवे लावावे लागत होते, पण आम्हाला घर सोडावं लागलं नाही. सॅन लॉरेंझो खोऱ्यातल्या टेकडीवर राहणाऱ्या आमच्यातल्या एका वयस्कर हॅमला मात्र सोडावं लागलं. तो सॅन होजेला मुलाकडे गेला. तिथे नोड होता. इकडे त्याच्या रिकाम्या घरी बॅटरीवर चालणारा नोड होता आणि छपरावरून अंगणाकडे रोखलेला कॅमेरा होता. मधला दुवा माझा टॉवर.

रात्री नऊच्या सुमारास त्याचा मेशवर फोन आला. आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. म्हणाला, कॅमेऱ्याचं पान अर्धवट येऊन थांबतंय, चित्र येत नाही, तुला दिसतंय का? मी लॅपटॉप उघडला तर मला चित्र दिसत होतं. अंधार, धूर, त्यात फाटकाचा दिवा. मी त्याला तसं सांगितलं. त्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. थोड्या वेळाने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर चित्र मलाही दिसेना.

रात्री दोनपर्यंत मी धुराला, रेडवुडच्या झाडांना, डिशच्या दिशेला दोष देत बसलो. मेहुण्याला फोन केला. "पिंग जातंय ना? मग नेटवर्क ठीक आहे, कॅमेरा बिघडलाय."

पहाटे मला सुचलं की पिंगचा आकार वाढवून बघावा. सॅन होजेकडच्या रॉकेटवरून पश्चिमेकडच्या रॉकेटला, दोन्ही माझ्याच टॉवरवर. १४६८ बाइटपर्यंत उत्तर येत होतं. १४६९ ला काहीच नाही.

ज्यांना ही गोम ठाऊक आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. एआरईडीएनचे नोड वायरवरून आपसात बोलतात ते व्हीलॅन २ चा टॅग लावून. व्हीलॅन म्हणजे एकाच वायरवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क, आणि टॅग म्हणजे पाकिटावरची त्याची खूण. इथरनेटची पूर्ण भरलेली फ्रेम (वायरवरून जाणारं एक पाकीट) १५१८ बाइटची, टॅगचे ४ धरून १५२२. तो जुना स्विच १५१८ च्या वरची फ्रेम गुपचूप टाकून देत होता. नोडांचे हॅलो निरोप छोटे, ते जायचे, म्हणून दुवा शंभर टक्के दिसायचा. फोनच्या आवाजाची पाकिटं छोटी, तीही जायची. चित्राची पाकिटं तुडुंब भरलेली असतात, ती तिथेच मरायची. वर वायरचा दुवा सर्वांत स्वस्त धरला जात असल्याने नोड दुसरी वाट शोधायलाही जात नव्हते.

आणि मला आधी चित्र का दिसलं? साध्या स्विचवर तिन्ही नोडांचे लॅन (प्रत्येकाचं आपलं घरगुती नेटवर्क) एकमेकांत मिसळतात. तिघेही डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, लॅपटॉपसारख्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटत बसतात आणि जो आधी उत्तर देईल त्याचा लॅपटॉप. पहिल्यांदा मला पश्चिमेकडच्या रॉकेटने पत्ता दिला होता, त्यामुळे चित्र बिनटॅगचं थेट येत होतं. नंतर दुसऱ्या नोडने दिला आणि तेच चित्र टॅग लागून स्विचमध्ये अडलं.

मी स्विच काढला आणि दोन्ही रॉकेटच्या पीओई इंजेक्टरच्या (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या डब्यांच्या) लॅनच्या बाजू एका केबलने सरळ जोडल्या. त्या वयस्कर हॅमला फोन केला. चित्र आलं होतं. फाटक, छपराची कड, अंगणातली खुर्ची. बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही फोन ठेवला नाही.

नंतर पाच पोर्टचा छोटा मॅनेज्ड स्विच (ज्यात प्रत्येक पोर्टचं व्हीलॅन ठरवता येतं असा) आणला, तोच आजही आहे. टॉवरच्या तिन्ही नोडांच्या आणि घरातल्या नोडच्या पोर्टवर व्हीलॅन २ टॅग लावून ठेवला. टॉवरच्या प्रत्येक नोडचं बिनटॅगचं लॅन त्याच्या स्वतःच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये कोंडलं, म्हणजे पत्ते वाटणारा घरात एकच राहतो. घरातला नोड मायक्रोटिकचा एचएपी एसी लाइट आहे. त्याचं पाचवं पोर्ट मुळातच या कामासाठी ठेवलेलं असतं, ते सरळ स्विचला द्यायचं. टॉवरवर एकच नोड असेल तर त्याच पोर्टातून थेट वर जा, स्विच लागतच नाही.

स्विच खाली, घरात ठेवा. वर एकच केबल नेऊन टॉवरच्या माथ्यावर डब्यात स्विच बसवायचा, ही कल्पनासुद्धा मेहुण्याचीच, आणि ती मी तेव्हाही ऐकली नाही. प्रत्येक नोडला स्वतःची शिल्डेड केबल असली की कुठला नोड बिघडला ते खाली उभं राहून कळतं, तपासायला पावसात वर चढावं लागत नाही. केबल घरात शिरण्याआधी सर्ज प्रोटेक्टर लावा आणि टॉवरचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडा. वेगळा रॉड ठोकून तसाच सुटा सोडू नका.

मेहुणा अजूनही दर दिवाळीला म्हणतो, "दाजी, पद्धत बरोबर होती, स्विच तेवढा जुना निघाला." यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. आजचे बहुतेक साधे स्विच टॅगवाली पूर्ण फ्रेम जाऊ देतात, आणि एक नोड वगळून बाकीच्यांचं डीएचसीपी बंद केलं तर काम भागतंही. तरी मी ते सुचवणार नाही. कुणीतरी पुढे एखादा नोड रिसेट करतो, त्याचं डीएचसीपी पुन्हा चालू होतं, आणि ते लक्षात येतं नेमकं गरजेच्या रात्री.

आमच्या वेळी नोडांमधला मार्ग ठरवायला ओएलएसआर नावाची पद्धत होती, आता बॅबेल आलंय, त्यामुळे नोडच्या पानावरचे आकडे तुम्हाला वेगळे दिसतील. व्हीलॅन २ ची गोष्ट तीच आहे. हे सगळं अमेरिकेच्या परवान्याला धरून लिहिलंय. भारतात करायचं असेल तर फ्रिक्वेन्सी आधी तिथल्या परवान्यात बघा, माझे चॅनल जसेच्या तसे उचलू नका.

केबल कुठली, डिश किती डीबीची, हे तुमची लिंक किती मैलांची ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. जोडणी झाली की एक काम मात्र त्याच दिवशी करा: टॉवरवरच्या प्रत्येक नोडवरून दुसऱ्या प्रत्येकाला १४७२ बाइटचं पिंग द्या, आणि तिन्ही जोड्यांत, दोन्ही दिशांनी उत्तर आल्याशिवाय शिडी आवरू नका.