प्राणिसंग्रहालयात जन्मलेला काळा गेंडा आफ्रिकेच्या जंगलात टिकतो का?

टिकतो, पण थेट पिंजऱ्यातून रानात नाही. 2019 मध्ये युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले पाच काळे गेंडे विमानाने रवांडाच्या अकागेरा राष्ट्रीय उद्यानात नेले. त्यातले तीन चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवेचे. आधी कुंपणातला मुक्काम, मग हळूहळू मोठी जागा. आफ्रिकेतल्या रक्त पिणाऱ्या त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या रोगाची सवय युरोपातल्या गेंड्याला कुठून असणार?

खरी डोकेदुखी मात्र पैदाशीची. मादी साधारण 15 महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. म्हणून जोड्या मनाला येईल तशा लावत नाहीत. प्रत्येक गेंड्याची वंशावळ नोंदवहीत असते आणि ती पाहून नर या देशातून त्या देशात पाठवतात. (आपल्याकडच्या पत्रिका जुळवण्यापेक्षा हे जास्त शास्त्रशुद्ध!)

दुसरी अडचण खाण्याची. हा गेंडा गवत चरणारा नाही. वरचा टोकदार ओठ बोटासारखा वळवून काटेरी फांद्या ओढतो आणि कडाकड मोडून खातो. बंदिवासातल्या खाण्यावर त्याच्या शरीरात लोह साठत जातं नि त्यातून आजार होतात.

दक्षिण आफ्रिकेत खासगी रानांवरही हे गेंडे आहेत. तिथे चारा आयताच मिळतो, पण शिकाऱ्यांपासून राखण्याचा खर्च मालकाच्या नाकी नऊ आणतो. 1970 च्या सुमारास 65,000 च्या आसपास असलेले काळे गेंडे नव्वदीच्या दशकात अडीच हजारांच्याही खाली गेले होते. आज सहा हजारांवर आहेत. त्यात मोठा वाटा आफ्रिकेतल्या राखणीचा, प्राणिसंग्रहालयं म्हणजे राखीव बियाणं.