‘प्रभावी’ या शब्दावर अडलेल्या मुलीस

प्रिय मुली,

तुझी यादी पाहिली. आजार, त्यापुढे गुणसूत्राचा क्रमांक, त्यापुढे ‘प्रभावी’ किंवा ‘अप्रभावी’ असा शिक्का. म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून, एक वडिलांकडून) एकच बिघडून आजार होत असेल तर ‘प्रभावी’, दोन्ही बिघडाव्या लागत असतील तर ‘अप्रभावी’. आणि शेवटी, ‘पाठ झालंय, पण कळलेलं नाही.’ मला ते शेवटचं वाक्य आवडलं.

यादी आता मिटून ठेव. प्रत्येक आजारापाशी थांबून एवढंच विचार: हे प्रथिन काय काम करत होतं, आणि बिघडल्यावर काय करतंय?

सिकलसेल हा रक्ताचा आजार घे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. तिचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. त्यातलं एक अक्षर बदलतं, जीएजीचं जीटीजी होतं, आणि सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारं, व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारं. ऑक्सिजन सोडलेले रेणू मग एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकतं, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललंय, ते व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५७ मध्ये सांगितलं. मधली आठ वर्षं एका अमिनो आम्लापायी गेली!

आता वाहकाचं, म्हणजे एकच प्रत बदललेली असून स्वतः आजारी नसलेल्या माणसाचं, रक्त तपास. त्यात दोन्ही तऱ्हेचं हिमोग्लोबिन सापडतं. म्हणजे आजार पाहिला तर हा बदल अप्रभावी, प्रथिन पाहिलं तर दोन्ही प्रती बरोबरीने हजर, आणि मलेरियाच्या गंभीर आजारापासून बचाव करायला तर एकच प्रत पुरते. तुझ्या यादीतल्या एका शब्दात हे कसं मावणार?

फिनाइलकीटोनुरियाचं गणित सोपं आहे. तिथे बिघडतो तो यकृतातला एक एन्झाइम. निम्मा एन्झाइम असला तरी शरीराचं भागतं, म्हणून वाहक ठणठणीत. दोन्ही प्रती बिघडल्या की अन्नातून येणारं अमिनो आम्ल फिनाइलअ‍ॅलॅनिन साचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. पण जन्मानंतर लगेच निदान झालं आणि आहारातलं फिनाइलअ‍ॅलॅनिन मोजून-मापून दिलं, तर ती इजा टळते. जनुक होतं तसंच राहतं, मूल मात्र शिकतं-वाढतं. आनुवंशिक म्हणजे अटळ, असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण पुढे करते.

हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात उलट. चौथ्या गुणसूत्रावरच्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. इथे प्रथिन कमी पडत नाही, बिघडलेलं प्रथिन स्वतःच घात करतं. शेजारची चांगली प्रत त्याला आवरू शकत नाही, म्हणून एकच प्रत पुरे.

तुझ्या गणिताबद्दल थोडं. आई-वडील दोघंही वाहक असतील तर ‘चारांत एक’, हे बरोबर. पण सुरुवातीच्या दिवसांत मी एका जोडप्याला एवढंच सांगून गप्प बसले. त्यांचं पहिलं मूल आजारी होतं, आणि पुढची तीन सुखरूप असणार असं समजून ते निघाले होते. दारापाशी त्या बाई सहज काही बोलल्या म्हणून कळलं, नाहीतर ते तसेच गेले असते. दर गर्भधारणेला फासा नव्याने पडतो, हे तेव्हापासून मी आधी सांगते आणि आकडा नंतर.

अशा रुग्णाचा भाऊ निरोगी असेल, तर तो वाहक असण्याची शक्यता तू निम्मी लिहिलीस. ती दोन तृतीयांश आहे. चार शक्यता मांड, त्यातली आजाराची खोड, कारण तो आजारी नाही हे आपल्याला माहीत आहे. उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहकाच्या.

पुढच्या पत्रात हिमोफिलियावर, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारावर लिही. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून ‘हा मुलांचा आजार’ असं तू लिहून मोकळी झालीस. मुलीलाही तो कसा होऊ शकेल, याच्या निदान दोन वाटा शोध आणि आकृत्या काढून पाठव.

तुझी,
बाई