सोनोग्राफी नॉर्मल आली तरी थांबू नकोस
अगं, पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) नाहीच, असं धरून चालू नकोस. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्ताची गाठ, बहुतेकदा दिसते, पण पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक डाग सहसा दिसतच नाहीत. योनीमार्गातून करतात ती सोनोग्राफी करून घे, तीही या आजाराचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडूनच. प्रोब, म्हणजे तपासणीची दांडी, हलकेच दाबून ते गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकतात का बघतात. सरकत नसतील तर चिकटल्याची शंका येते. आतून तपासणी नको असेल तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचार. पाळीत शौचाला, लघवीला दुखत असेल तर लाजू नकोस, तपासणीआधीच सांग, म्हणजे त्या जागा नीट बघितल्या जातील. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी, लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात.