फॉर्म्युला वनमध्ये नियम बदलले की हंगामाच्या सुरुवातीला निकाल उलटेपालटे का होतात?

कारण सगळ्यांचीच पाटी कोरी होते आणि नियमातली फट ज्याला आधी दिसते तो पुढे निघतो. 2009 चंच बघा. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तीन संघांनीच गाडीच्या पोटाखालून जास्त हवा खेचून तिला रस्त्याला चिकटवणारा दुहेरी डिफ्युझर आणला. ब्रॉनचा चालक जेन्सन बटननं पहिल्या 7 पैकी 6 शर्यती मारल्या! बाकीच्यांनी तो भाग बनवून बसवल्यावर त्याला त्या वर्षी एकही जिंकता आली नाही, पण आधीच्या गुणांच्या शिदोरीवर तो जगज्जेता झाला.

दुसरं कारण नवेपणाचं. मी कोल्हापुरात, उद्यमनगरात लेथवर असतो. नवीन ड्रॉइंगचा पहिला नग क्वचितच सरळ बसतो; कुठंतरी बोअर (आतलं भोक) घट्ट होतो, परत उतरवून मारावा लागतो. तिथंही तेच. 2022 ला नव्या गाड्या सरळ पट्ट्यात वेगानं जाताना उड्या मारायला लागल्या, वारा सोडून चाचणी घेतात त्या विंड टनेलमध्ये बहुतेकांना ते दिसलंच नव्हतं.

इंजिनाचं मात्र वेगळं. 2014 ला विजेची जोड असलेली सहा सिलिंडरची हायब्रिड व्ही6 इंजिनं आली, हंगामात इंजिन सुधारायला जवळजवळ बंदी होती, म्हणून सुरुवातीलाच पुढे असलेल्या मर्सिडीजला बाकीच्यांना गाठता आलं नाही आणि तिनं 19 पैकी 16 शर्यती नेल्या.