इंग्रजीतल्या ‘आस्क’ला स्पॅनिशमध्ये ‘प्रेगुंतार’ म्हणायचं की ‘पेदिर’?

प्रश्न असा आहे: डिक्शनरीत ‘आस्क’समोर प्रेगुंतार आणि पेदिर असे दोन शब्द आहेत, भाषा शिकवणारं ॲप कधी एक बरोबर धरतं तर कधी दुसरा. मग ओळखायचं कसं?

तुम्हाला मराठी येतं, म्हणजे निम्मं काम आधीच झालंय. ‘आस्क’ला मध्ये आणूच नका. इंग्रजीवाले विचारणं आणि मागणं एकाच शब्दावर भागवतात. आपण तसं करत नाही, स्पॅनिशवालेही करत नाहीत. विचारणं म्हणजे प्रेगुंतार, मागणं म्हणजे पेदिर.

मला हे फार उशिरा सुचलं. आम्ही रावेरकडचे, घरची केळी. काही वर्षांपूर्वी घडाला घालायच्या पिशव्यांचे नमुने हवे होते म्हणून इक्वेडोरच्या एका पुरवठादाराला मेल टाकला. जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश तो, म्हटलं त्यांच्याच भाषेत लिहू. डोक्यात आधी इंग्रजी वाक्य जुळवलं, मग त्याचं स्पॅनिश केलं आणि ‘प्रेगुंतामोस मुएस्त्रास’ असं ठोकून दिलं. तिकडून नम्र उत्तर आलं, नमुन्यांबद्दल आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे? मी पुन्हा तेच लिहिलं, त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ‘नमुने मागतोय’ असं मराठीत मनाशी म्हटलं असतं तर ‘पेदिमोस मुएस्त्रास’ आपोआप आलं असतं.

पेदिर आपल्या ‘मागणे’च्या किती जवळ आहे बघा. पेदिर आयुदा म्हणजे मदत मागणं. पेदिर पेर्मिसो, परवानगी मागणं. पेदिर पेर्दोन, माफी मागणं. हॉटेलात बिल मागायचं तर पेदिर ला क्वेंता. भीकही पेदिरच करतात. आणि माझं आवडतं म्हणजे पेदिर प्रेस्तादो, शब्दशः उसनं मागणं. इंग्रजीत त्याला ‘बॉरो’ हा वेगळाच शब्द पाठ करावा लागतो, आपल्याला काहीच पाठ करायचं नाही. लग्नासाठी मुलीचा हात मागतात तिथंही पेदिरच. उलट भाव, पत्ता, वेळ, नाव या गोष्टी आपण विचारतो, म्हणून त्यांना प्रेगुंतार.

इंग्रजीतून शिकवणारे एक सोपा नियम सांगतात: ‘आस्क फॉर’ दिसलं की पेदिर. तो नियम जिथं फसतो तिथंच आपली बोली कामाला येते. आमच्याकडे म्हणतात, ‘मामा तुले इचारत व्हते.’ मामांनी काही मागितलं नाही, तू कुठं आहेस, कसा आहेस एवढंच विचारलं. इंग्रजीत हेही ‘आस्क फॉर’ होऊ शकतं. स्पॅनिशमध्ये मात्र ‘तू तीओ प्रेगुंतो पोर ती’. इथं पेदिर घातलं तर मामांनी तुला मागून घेतल्यासारखं होईल! (लिहिताना या प्रेगुंतोच्या शेवटच्या ओवर आघाताची खूण द्या, नाहीतर ते ‘मी विचारतो’ होतं.)

आता जिथं मराठीही थोडी गंडवते त्या जागा. आपण प्रश्न ‘विचारतो’, स्पॅनिशमध्ये प्रश्न ‘करतात’: आसेर उना प्रेगुंता. प्रेगुंतारच्या पुढे पुन्हा प्रेगुंता लावली की कानाला खटकतं. दुसरी जागा, कोणाला काही करायची विनंती. ‘त्याला यायला सांगितलं’ असं आपण म्हणतो, त्यात विचारणं नाही की मागणं नाही. पण त्यामागे विनंती असेल तर स्पॅनिशमध्ये पेदिर येतं आणि पुढचं क्रियापद वेगळं रूप घेतं: ‘ले पेदी के बिन्येरा’. हे रूप, सब्जंक्टिव्ह, घोकावंच लागतं, त्याला सुटका नाही. थंडीत शेतात भरीत पार्टीला बोलावलं तर इंबितार. पण जपून वापरा, तिकडे ‘मी इंबितार करतो’ म्हणणाऱ्याने बिलही भरायचं असतं.

आणि एक गंमत, तीही बाजारातली. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाला घोडा लाखाला ‘सांगतो’ आणि गिऱ्हाईक सत्तरला ‘मागतं’. म्हणजे आपल्याकडे मागणारा घेणारा असतो. स्पॅनिशमध्ये ‘क्वांतो पिदे पोर एल काबायो?’ हा प्रश्न विकणाऱ्याला असतो, घोड्याचे किती सांगता? तिकडे किंमत मागतो तो विकणारा. व्यवहाराची बोलणी करताना एवढं एक उलटं लक्षात ठेवा, नाहीतर विकणाऱ्याचा भाव घेणाऱ्याची बोली समजून बसाल.

रूपांचं थोडक्यात: प्रेगुंतार सरळ चालतं. पेदिर वाकतं, पिदो, पिदेस, पिदे, पिदेन, पेदिमोस मात्र सरळ. आणि ‘मागणी’ला इंग्रजीत डिमांड म्हणतात म्हणून देमांदार वापरायच्या मोहात पडू नका. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ कोर्टात दावा लावणं. पुरवठादाराला तसं लिहिलंत तर नमुन्यांऐवजी वकिलाचं पत्र येईल.

हीच युक्ती ‘प्ले’लाही चालते, खेळणं हुगार आणि वाजवणं तोकार. जाणणे या अर्थाच्या ‘नो’लाही (know) बऱ्यापैकी: माहीत असणं आणि एखादी गोष्ट करता येणं साबेर, माणसाशी ओळख असणं कोनोसेर. सेर आणि एस्तारला मात्र चालत नाही, दोन्हींना आपण बहुतेक ‘आहे’च म्हणतो. तिथं मी अजून महिन्यातून एकदा तरी पडतो.